अर्धा आटा

नाशिक,
१७ मार्च १९९८

ती. सौ. मीनाताईस,
दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार.

ताई, माझं आयुष्य परवाच्या शनिवारी, १४ मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण मी तेव्हा दुहेरी शिडीच्या लाकडी घोड्यावर उभा होतो आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर नाकासमोर होतं. खालून आवाज आला, "लक्ष वर ठेवा, पडाल." मी खाली बघितलं. पडलो. म्हणजे घोड्यावरून नाही.

सविस्तर सांगतो. पंडित कॉलनीत एक बंगला आहे. तिथल्या सिंधुकाकूंच्या दिरांनी मस्कतहून छताचा पंखा आणलाय. त्याच्या पोटाखाली काचेची तीन फुलं आणि प्रत्येक फुलात एक बल्ब. आपला पंखा नुसता वारा देतो, हा वारा देतो आणि वर उजेडही पाडतो. फक्त उजेड टिकत नाही. पंधरा दिवस झाले की एक बल्ब उडालाच. त्यात हे बल्ब आपल्यासारखे पिनचे नाहीत, आट्याचे आहेत. बाटलीच्या झाकणासारखे फिरवून बसवायचे. तसले बल्ब आमच्या भिमाजीशेठकडे मिळतात, आणि भिमाजीशेठकडे शिडीवर चढू शकणारा एकच माणूस आहे. तुझा भाऊ.

खाली घोडा धरून उभी होती ती त्यांची मुलगी, मोहिनी. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणजे जो डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून, बाकाला लाथ मारून सोडला, तोच. तिने विचारलं, "बल्ब इतक्या लवकर का जातात हो?" मी सांगितलं की पेटलेली तार तापून मऊ झालेली असते, तिला हादरा सोसत नाही, आणि तुमचा पंखा डोलतो. ताई, तिने ज्या नजरेने ऐकलं ना! कॉलेजात सर घसा फोडून सांगायचे तेव्हा मी खिडकीतून कावळे मोजायचो. आणि इथे मी सर झालो.

आता खरी गोष्ट. उडालेला बल्ब मी खिशात टाकत होतो. ती म्हणाली, "राहू द्या, मला द्या." पेनने त्याच्या पितळी टोपीवर तारीख लिहिली आणि बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून ठेवला. मेलेला बल्ब कोण जपून ठेवतं, सांग! तो बल्ब माझ्या हातातून गेला होता, म्हणून.

घरी काही बोलू नकोस. बाबांना मी वायरमन झालो हेच अजून पचलं नाही, त्यात हे.

तुझा,
दत्तू

---

नामपूर,
२४ मार्च १९९८

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आमच्या घरी पत्र आलं की सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, हे तुला माहीत आहे. गोजराबाईंना अक्षर येत नाही, पण अक्षरामागचं सगळं येतं. कांद्याच्या चाळीत बसून मी वाचत होते, भोवती चार बाया कांदा निवडत होत्या. तुझं "पडलो" आलं तेव्हा सासूबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला आणि विचारलं, "बल्ब उडना का पोऱ्या उडना?" बाया अजून हसतायत. आता नामपुरात तुझी ओळख आहे. कधी आलास तर स्टँडवर उतरून नुसतं "बल्बवाला" म्हण, घर दाखवतील.

एक विचारते, राग मानू नकोस. पंखा डोलतो म्हणून बल्ब जातात, हे तूच त्या मुलीला सांगितलंस. मग पंखा सरळ का नाही केलास? हा डॉक्टर असा, की पेशंटला म्हणतो, "तुम्हाला ताप आहे," आणि कपाळावरचा रुमाल तेवढा बदलून घरी जातो.

आणि बल्ब जपून ठेवला यात एवढं काय? माझ्या सासऱ्यांनी स्वतःचे पडलेले दात डबीत जपून ठेवले होते. ते काय दातांच्या प्रेमात होते?

आई-बाबांना नमस्कार. बाबांशी सरळ बोलत जा.

तुझी,
मीनाताई

---

नाशिक,
२ एप्रिल १९९८

ती. सौ. मीनाताईस सा. न.

माझी पत्रं चाळीत वाचतेस म्हणून इथून पुढे वरती "खाजगी" लिहीन म्हणत होतो. पण मग त्या बाया आधी गोळा होतील.

परवा, म्हणजे ३१ मार्चला, दुसरा बल्ब उडाला. गेलो. तू विचारतेस पंखा सरळ का नाही केला. केला असता. दहा मिनिटांचं काम आहे. पात्यांचे स्क्रू आवळायचे, जे पातं हलकं असेल त्याच्या पाठीवर एखादा वायसर चिकटवायचा, झालं. भिमाजीशेठ पण तेच म्हणाले. पण ताई, विचार कर. दहा मिनिटांत पंखा सरळ होईल, आणि मग मी त्या घरात कशाला जाऊ? मीटर वाचायला?

चहा आला. मोहिनीने स्वतः आणला. सोबत दोन बिस्किटं. मी घोड्यावरच होतो, तिने हात उंच करून कप दिला. या देशात किती वायरमनना घोड्यावर चहा मिळतो, सांग.

पण सुख नाही. चहाचा घोट घेतला आणि बाहेर स्कूटर थांबली. तिच्या वर्गातला अमित नावाचा एक प्राणी आत आला. केस तेल लावून असे बसवलेले, की मुंगी घसरेल. ड्रॉइंगची गुंडाळी काखेत. तिने त्याला काय म्हणावं? "अमित, तू आधी माझी वही परत दे." तू! आणि मला? "तुम्ही जरा डावीकडे सरका, अंधार पडतोय." तुम्ही! तो कॉलेजात जातो म्हणून तू, आणि मी कॉलेज सोडलं म्हणून तुम्ही? हा मान आहे की अंतर मोजायची पट्टी?

माझ्या हातात पेचकस होता. त्या अमितच्या नशिबाने मी घोड्यावर होतो.

दुसऱ्या बल्बवरही तिने तारीख लिहिली. आता दातांचं उदाहरण देऊ नकोस.

तुझा,
दत्तू

---

नामपूर,
९ एप्रिल १९९८

चि. दत्तूस आशीर्वाद.

तुझा चहा वाचून आमच्या इथे शोककळा पसरली. आमच्याकडे ट्रकवर पोती चढवणाऱ्या हमालालाही चहा देतात, तोही वर चढलेला असतो, त्यालाही हात उंच करूनच कप द्यावा लागतो. त्यातल्या एकानेही अजून मागणी घातलेली नाही.

आणि "तुम्ही"चं दुःख करतोस? तुझ्या दाजींना मी बारा वर्षं "अहो" म्हणते. त्यांनी पेचकस उचलला नाही. भांडण झालं की मात्र मी "अरे" वर येते, आणि तेव्हा ते गपगुमान बाजार समितीत जाऊन बसतात. "तू" म्हणजे प्रेमच असतं, हे तुला कोणी सांगितलं?

आता थट्टा पुरे. पोरगी अभ्यास करते, तू तिथे हुशारीने बोललास, तिला आवडलं असेल. खोटं कशाला बोलू, मला तुझं ते पहिलं पत्र आवडलं होतं. पेटलेली तार मऊ असते, हे मला ठाऊक नव्हतं. तुला शिकवता येतं. मग ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भर आणि उरलेली दोन वर्षं उरक. तिला विचारायचं असेल तर सरळ विचार, पण आधी तिच्या घरचा पंखा सरळ कर. डोलणाऱ्या पंख्याखाली उभं राहून कोणी कोणाला हो म्हणत नाही.

सासूबाई म्हणतात, त्या अमितच्या केसांना कोणतं तेल, ते विचारून कळव.

तुझी,
मीनाताई

---

नाशिक,
२१ एप्रिल १९९८

ती. ताईस सा. न.

परीक्षेचा फॉर्म भरायला मी मेलो नाही अजून. त्या सरांच्या तोंडासमोर परत उभा राहू? त्यापेक्षा विजेच्या खांबाला मिठी मारीन.

या वेळचा बल्ब अठरा दिवस चालला. अठरा! कंपनीने नेमका हाच बल्ब प्रामाणिक बनवला. अठरा दिवस मी पंडित कॉलनीवरून सायकल नेली, रोज, दुकानाच्या उलट रस्त्याने. मान वर करून बघायचो, तर तीन फुलं लख्ख. माझ्या हाताने लावलेला दिवा माझ्याच उरावर पेटलेला. दाराशी स्कूटर. एकदा तर खिडकीतून अमितच्या हसण्याचा आवाज आला. तो हसताना बेडूक गिळल्यासारखा वाटतो.

शेवटी १८ तारखेला निरोप आला. गेलो. आणि ताई, तुझ्याशी खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो. बल्ब बसवला, आणि उतरता उतरता एका पात्याचा एक स्क्रू ढिला केला. अर्धा आटा फक्त. जास्त नाही. पंखा थोडा जास्त डोलेल, बल्ब थोडा लवकर जाईल, मी थोडा लवकर येईन. यात कोणाचं काय गेलं? एका बल्बाचा जीव. तो तसाही जाणारच होता.

तुला हसू येत असेल. हस. पण माझ्यासारखं कोणी कोणासाठी अर्धा आटा तरी फिरवलाय का, ते आधी सांग.

तुझा,
दत्तू

---

नामपूर,
२७ एप्रिल १९९८

दत्तू,

आशीर्वाद लिहिला नाही, ते मुद्दाम.

हे पत्र मी चाळीत वाचलं नाही. सासूबाईंना एकट्यांना, आत नेऊन वाचून दाखवलं. त्यांना आधी वाटलं तू कणीक मळायला लागलास. "अर्धा आटा? किलोभर तरी घेवाना." मग समजावून सांगितलं. गोजराबाई गप्प बसल्या आहेत हे या घरात मी दोनदा बघितलं, एकदा सासरे गेले तेव्हा. मग म्हणाल्या, "त्या पंखानी खाले कोन बसस?"

तेच मी विचारते. त्या पंख्याखाली कोण बसतं, दत्तू? तूच लिहिलंस ना की तिचं अभ्यासाचं टेबल तिथेच आहे? नसेल लिहिलं, तरी मला दिसतंय. परीक्षेचे दिवस, उकाडा, पोरगी पाच नंबरवर पंखा करून मान खाली घालून वाचत बसली असेल. आणि तिच्या डोक्यावर तू स्क्रू ढिला करून आलास. तिला जास्त वेळा भेटता यावं म्हणून!

तुझा आटा अर्धा ढिला नाही, पुरा निघालाय.

पत्र मिळताच जा. बल्ब जायची वाट बघू नकोस. स्क्रू आवळ आणि मला दोन ओळी लिही.

मीना

---

नाशिक,
५ मे १९९८

ती. ताईस सा. न.

तुला प्रेम कळत नाही. कांद्याचे भाव कळतात. पत्र वाचून इतका संतापलो की भिमाजीशेठच्या दुकानात एक ट्यूबलाइट फुटली. मुद्दाम नाही फोडली, पण फुटली.

आधी शास्त्र ऐक. प्रत्येक पात्याला तीन स्क्रू असतात. एक थोडा ढिला झाला तर बाकीचे दोन काय उन्हाळ्याच्या सुटीवर गेलेत? पातं पडत नाही. मी वायरमन आहे, खाटीक नाही. त्यामुळे २४ एप्रिलला बल्ब गेला तेव्हा मी पुन्हा अर्धा आटा दिला, २९ ला पुन्हा अर्धा, आणि काल, ४ मेला, पुन्हा. तू जितकी ओरडशील तितका फिरवीन.

आणि आता माझा शब्द खरा ठरलाय. ऐक, आणि खुशाल चाळीत वाच, बाया बोलाव, हलवायाला बोलाव!

काल घोड्यावर चढलो. काचेचं फूल बाजूला केलं. त्या स्क्रूशी हात नेला आणि थबकलो. त्याच स्क्रूच्या डोक्यावरून खाली पात्याच्या पट्टीपर्यंत एक बारीक लाल रेघ काढलेली होती. नेलपॉलिशची. सरळ, नाजूक, भांगात कुंकू भरावं तशी.

कळतंय का तुला? त्या जागी माझ्याशिवाय कोणाची नजर पोचत नाही. सिंधुकाकू चढत नाहीत, काका चढत नाहीत, तो तेलकट अमित तर खुर्चीवर चढला तरी घसरेल. तिला ठाऊक आहे की तिथे फक्त दत्तू बघणार. त्याच स्क्रूवर! पंख्याला बारा स्क्रू आहेत, बाकी अकरा कोरे. म्हणजे मी काय करतो ते तिला कळलंय, आणि कळूनही तिने बापाला सांगितलं नाही. उलट टिळा लावला. यापेक्षा मोठ्याने कोणती मुलगी बोलेल?

मी नेहमीप्रमाणे अर्धा आटा फिरवला. रेघ मधोमध तुटली, स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे. त्याचं जरा वाईट वाटलं. पण प्रेमात काही ना काही तुटतंच.

खाली उतरलो तर ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "झालं?" मी म्हणालो, "झालं." ती म्हणाली, "बरं." त्या "बरं" मध्ये काय काय होतं ते तुला सांगून उपयोग नाही.

पुढच्या बल्बाला मी तिला विचारणार. शर्ट इस्त्रीला टाकलाय.

तुझा,
दत्तू

---

नामपूर,
९ मे १९९८

चि. दत्तू,

पत्र सकाळी मिळालं. पोस्टमन आता परतताना दारात उभा आहे, त्याच्याच हाती हे देते.

आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला आज सोमा मिस्त्री आला होता. गडी कमी बोलतो. मी त्याला तुझी लाल रेघ सांगितली, नाव न घेता. म्हटलं, एखाद्या बाईने स्क्रूवर लाल रेघ काढली तर तिचा अर्थ काय? तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "वहिनी, मी पण मारतो ना. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघ मोडलेली दिसली की समजायचं, कोणीतरी हात लावला." मग त्याने आमच्या ट्रॅक्टरच्या चाकावर बोट ठेवलं. पिवळ्या रंगाची रेघ. बारा वर्षं मी तो ट्रॅक्टर बघते, मला वाटायचं रंग सांडला असेल.

दत्तू, तो टिळा नव्हता रे. तो पहारा होता. आणि तू तिच्या समोर, तिच्या घरात, पहाऱ्यासकट चोरी करून आलास आणि "झालं" म्हणालास.

इस्त्रीचा शर्ट राहू दे. बल्बाची वाट बघू नकोस. जा, खरं सांग, आवळ, माफी माग. ती पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे, आणि मला वाटतं तुझ्यापेक्षा दयाळूही, नाहीतर आत्तापर्यंत तिचे वडील दुकानात आले असते.

सासूबाईंनी आज तुझी एकदाही थट्टा केली नाही. त्यावरून समज.

तुझी,
मीनाताई

---

नाशिक,
१२ मे १९९८

ती. सौ. मीनाताईस सा. न.

बाकी सगळं ठीक आहे, आई-बाबा बरे आहेत, त्यांनी तुला आशीर्वाद सांगितलाय. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटी मला जागा आणि हिंमत दोन्ही उरणार नाही.

तुझं पत्र आज आलं. बल्ब मात्र ८ तारखेलाच गेला. चारच दिवस चालला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भिमाजीशेठ म्हणाले, "बल्ब बदलायला चाललास की साखरपुड्याला?" मी त्यांना नुसता हसलो. हसून घेतलं तेवढं बरं झालं.

काका बाहेर होते. सिंधुकाकू स्वयंपाकघरात पापड लाटत होत्या. मोहिनीने घोडा मांडून ठेवला होता. टेबल त्याच खोलीत, पंख्याच्या बरोबर खाली, तू म्हणालीस तसंच. मी तुला कधी लिहिलं नव्हतं. टेबलावर बिस्किटांचा डबा आणि एक जाड जर्नल.

मी वर चढलो. काचेचं फूल बाजूला केलं, तर जुन्या तुटक्या रेघेशेजारी दुसरी रेघ! ताजी, सरळ. मला वाटलं, एकीच्या दोन झाल्या. तोंड उघडणार, एवढ्यात खालून ती म्हणाली,

"उतरू नका. नवी रेघ सरळ आहे का, तेवढं सांगा."

"सरळ आहे."

"आणि शेजारची?"

मी उगाच काचेचं फूल पुसायला लागलो.

"शेजारची मी २९ एप्रिलला तुम्ही गेल्यावर काढली होती, त्याच एका स्क्रूवर पेचकसाचे ताजे ओरखडे होते म्हणून. ४ मेला सकाळी मी स्वतः चढून बघितली, सरळ होती. दुपारी तुम्ही आलात. संध्याकाळी मोडली होती."

ताई, घोड्यावर उभा असलेला माणूस फार उघडा असतो. पळता येत नाही, बसता येत नाही, हात कुठे ठेवावेत कळत नाही. आणि खालचा घोडा तिनेच धरलेला.

तिने जर्नल उघडलं. त्यांच्या सरांनी प्रत्येकाला आपल्या घरातला एक बिघाड निवडून त्याचं कारण शोधायला सांगितलं होतं. तिने हा पंखा निवडला होता, मी पहिल्या दिवशी बोललो त्यावरून. बल्बांवरच्या तारखा त्यासाठी. ती वाचायला लागली, वर्गात वाचतात तशी, चढउतार न करता. "१४ मार्चला बसवलेला, सतरा दिवस. ३१ मार्चचा, अठरा दिवस. १८ एप्रिलचा, सहा दिवस. २४ चा, पाच. २९ चा, पाच. ४ मेचा, चार. संभाव्य कारणे. एक, पंख्याचा हादरा. दोन, बंद काचेत साठणारी उष्णता. तीन, वायरमन."

हे तिने लिहिलं होतं, ताई. शाईने. "तीन, वायरमन." अमित खालमानेने हसला असता तर मी बरं मानलं असतं, पण तो नव्हताच. त्या दिवशी नाही आणि त्याआधी चार दिवसही नाही. कळलं ते असं, की त्याचा साखरपुडा झालाय, मालेगावच्या मुलीशी, मार्चमध्येच.

माझं डोकं फिरलं. तुला माहीत आहे मी कसा आहे. मी वरूनच ओरडलो, "मी तुमच्यासाठी केलं! तुम्हाला बघता यावं म्हणून! अठरा दिवस तुमच्या गल्लीतून सायकल फिरवली! तुम्हाला काय माहीत माणसाचं काय होतं!"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

मोहिनीने घोडा सोडला नाही. वर बघितलं. म्हणाली,

"अरे, तू वेडा आहेस का? मी रोज रात्री इथे बसते. इथे. हे टेबल आहे माझं. तुला माझ्याशी बोलायचं होतं, तर बोलायचं होतंस. डोक्यावर पंखा सोडून कोणी विचारतं का?"

"तू" म्हणाली ती मला, ताई. दोन महिने ज्याची वाट बघितली तो "तू" असा आला. तू लिहिलं होतंस ना, भांडणात येतो म्हणून.

मी म्हणालो, "पातं पडलं नसतं. तीन स्क्रू असतात."

"बाकीचे दोन बघ," ती म्हणाली.

मी बघितले. मी त्यांना कधी हात लावला नव्हता, शपथ घेतो. पण एक स्क्रू ढिला झाला की पातं हलतं, आणि पातं हललं की बाकीचेही सुटत जातात. ते दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात पान भरून आहे, मी वाचलंही होतं. एक स्क्रू बोटांनी फिरला. दुसऱ्याने नुसता धरून ठेवल्याचा आव आणला होता. मी ते पातं हाताने हलवलं तर ढिल्या दातासारखं हललं. ते तिच्या मानेच्या बरोबर वर होतं. आदल्या रात्रीही असेल. त्याच्या आदल्याही.

मग मी पिशवीतून मोठा पेचकस काढला आणि बाराही स्क्रू आवळले. एकेक. खालून ती विचारत नव्हती, तरी मी प्रत्येकाला मोठ्याने म्हणत होतो, "हा झाला. हा झाला." एका पात्याच्या पाठीवर वायसर चिकटवला. बल्ब साठचा होता, त्याच्या जागी चाळीसचा लावला, उष्णताही कमी होईल म्हणून. उतरून घोडा बाजूला केला आणि पंखा एकवर चालवला, मग तीनवर, मग पाचवर. जागच्या जागी फिरला, कण हलला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं.

जर्नल टेबलावर उघडंच होतं आणि वाऱ्याने पानं उलटत होती. उलटत उलटत पहिलं पान वर आलं. वर "ऋणनिर्देश" लिहिलेलं. सरांचं नाव, वडिलांचं नाव, आणि त्याखाली, "या बिघाडाचे मूळ कारण मला प्रथम समजावून सांगणारे श्री. दत्तात्रय यांची मी आभारी आहे. त्यांनी शिक्षण पूर्ण करावे असे मला वाटते." त्यावर एकच आडवी रेघ मारलेली. निळ्या शाईची. सावकाश, पट्टीने मारलेली.

तिने पान मिटवलं. म्हणाली, "ते एप्रिलच्या सुरुवातीला लिहिलं होतं."

एप्रिलच्या सुरुवातीला, ताई. मी स्क्रूला हात लावायच्या आधी. तेव्हा मी चहा आणि बिस्किटं मोजत होतो.

मला विचारायचं होतं की ती रेघ खोडता येते का. विचारलं नाही. त्या मुलीला जे विचारायला मी इस्त्री करून आलो होतो, तेही विचारलं नाही. मी म्हणालो, "हा बल्ब आता वर्षभर जाणार नाही." वायरमन म्हणून म्हणालो, गिऱ्हाइकाला सांगतात तसं. बोलून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. तिला आधीच लागला होता, असं वाटतं, कारण तिने नजर वळवून पंख्याकडे बघितलं.

"जर्नलात सही लागेल," ती म्हणाली. पुन्हा नेहमीच्या आवाजात. "दुरुस्ती करणाऱ्याची."

मी सही केली. दुरुस्ती करणारा म्हणून. कारणात तिसरा आणि उपायात पहिला, एकाच पानावर, दोन्ही मीच.

पेचकस पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या. दारात येऊन म्हणालो, "जातो."

आतून सिंधुकाकूंनी हाक मारली, हात पिठाचे असावेत, बाहेर आल्या नाहीत. "अरे, जातो काय म्हणतोस, अशुभ असतं, येतो म्हणावं."

मी थांबलो. मोहिनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत होती. पंखा सरळ फिरत होता, काही आवाज नव्हता.

"नाही काकू," मी म्हणालो, "जातोच," आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.